जीपमधली मोबाइलवाली

तलासरी-डहाणू जीपमध्ये ती रोज माझ्यासमोर बसायची. सोळा-सतरा वर्षांची, गळ्यात बारीक क्रूस, मोबाइल छातीशी उभा धरलेला. ही आपलं शूटिंग करते, असा मला संशय होता. मी तोंड खिडकीकडे फिरवायचो. एकदा आशागडजवळ विचारलंच, "काय गं, आमचा व्हिडिओ काढतेस?"

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर माफीचा अर्धवट मेसेज होता.

"काका, चर्चमध्ये गाताना मैत्रिणीचा आवाज फाटला. मी तो व्हिडिओ गमतीने टाकला. तिने गाणंच सोडलं. मी तो काढून टाकला, पण लोकांच्या फोनमधून कसा काढू?"

पांढऱ्या फ्रॉकमधली ती गाणारी मुलगी मला लगेच आठवली. हसत हसत मीही तो व्हिडिओ तीन ग्रुपवर पाठवला होता. ते मात्र मी हिला सांगितलं नाही.