कपाशीतला वटवट्या आणि मी घेतलेलं औषध

भावाच्या कपाशीत मी मेलेला सापडलो, तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि मी वटवट्याचा फोटो काढत होतो.

वटवट्या म्हणजे अंगठ्याएवढा राखी पक्षी. कपाशीची पानं शिवून त्यात घरटं करतो. मी मेहकरला शाळेत मास्तर, आणि पक्ष्यांचे फोटो काढायचा मला नाद. (बायको 'रोग' म्हणते.) पोळ्याला अमडापूरला घरी गेलो, तर दादा म्हणाला, "आपल्या वावरात एका पाखरानं पानं शिवून ठेवली हायेत. पाहाले येतं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गेलो. घरटं गुडघ्याएवढ्या उंचीवर. चपला बांधावर काढल्या, अंगावर हिरवी चादर घेतली आणि दोन ओळींमधल्या तासात पालथा पडलो. बीटी कपाशीला अळी लागत नाही असं दादाला सांगितलं होतं, पण अळीला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे फवारणी झालेली, औषधाचे रिकामे डबे बांधावर पडलेले. त्यातला एक नेमका माझ्या चपलांपाशी.

दोन तासांनी मादी तोंडात किडा घेऊन आली. मी श्वास रोखला. तेवढ्यात शेजारच्या वावरातून रशीदचाचांची हाक आली, "कोन हाय रे तिकडे?"

मी गप्प.

"अरे, कोन पडून हाय?"

ओ दिली असती तर मादी उडाली असती. मी बोटसुद्धा हलवलं नाही.

मग रशीदचाचा जे ओरडले, ते मला नीट ऐकू आलं नाही. ऐकू आली ती धावत्या पावलांची धपधप. कुणीतरी मला धरून उताणं केलं. वर दादाचा चेहरा. पांढराफटक.

"औषध घेतलं काय तुनं?"

मला आठवडाभर खोकला होता. मी खरं तेच सांगितलं. "हो. सकाळीच घेतलं."

दादाच्या मागोमाग धावत आलेल्या वहिनींनी जो हंबरडा फोडला, त्यानं मादी गेली, नर गेला, पलीकडच्या बाभळीवरचे बगळेही गेले!

"किती घेतलं?" दादा.

"दोन झाकणं. पण दादा, ऐक ना..."

"बोलू नका भाऊजी!" वहिनींनी शिदोरीतलं मीठ तांब्यात कालवून ते पाणी तोंडात ओतलं. मी काही सांगायला तोंड उघडायचो, की तांब्या आत! रशीदचाचा पाठीत बुक्क्या घालत होते. "निघू दे, समदं निघू दे!" (सगळं निघालं. आदल्या दिवशीची पुरणपोळीसुद्धा.)

मोटारसायकलवर पुढे दादा, मागे रशीदचाचा आणि मधे मी. दवाखान्यात डॉक्टरांनी माझं तोंड हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"कोणतं औषध घेतलं?"

"खोकल्याचं."

डॉक्टरांनी मान फिरवली. त्यांचे खांदे हलत होते. रशीदचाचा आधी "या अल्ला!" म्हणाले आणि मग पोट धरून हसले. मीही हसलो. पाठ दुखत होती, तरी हसलो.

दादा कुठे दिसेना. बाहेर आलो तर तो पायरीवर बसला होता. तो अनवाणीच आला होता, हे मला तेव्हा दिसलं. तळव्यात काटे मोडले होते.

"दादा, अरे, गंमत झाली."

त्यानं वर पाहिलं नाही. "मागच्या साली आपला शंकर असाच पालथा सापडला. मीच पाह्यला त्याले. हाका मारल्या. वाटलं, निजला असंल." तळव्यातला काटा चाचपत म्हणाला, "तुनंही ओ नाई देली बे."

शंकर गावच्या शाळेत माझ्या वर्गात होता. मला ते कुणी कळवलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. गावी यायचो ते पाखरं पाहायला. मी त्याच्याजवळ बसलो आणि एकेक काटा काढला. त्यानं पाय माझ्या मांडीवर राहू दिला.

तेव्हापासून दादाचा हुकूम आहे: वावरात जायचं तर उभं राहायचं, आणि दर पाच मिनिटांनी गाव ऐकेल असं ओरडायचं, "जित्ता हाय, दादा!" मी इमानानं ओरडतो. वटवट्या सोडाच, कावळाही थांबत नाही. शाळेत परवा माझ्या फोटोंचं प्रदर्शन लावलं. मुख्याध्यापक म्हणाले, "मास्तर, उडत्या पाखरांचे फोटो काढावे तर तुम्हीच!"

मी मान खाली घालून म्हणालो, "साधना आहे, सर."