उजव्या कानातलं तेल

"आक्का, थांब जरा, दम लागून राह्यला," एवढं बहीण बोलली. पुढचा आवाज लांब लांब गेला आणि बंदच झाला.

मी हॅलो हॅलो केलं. फोनवर आकडे पळत होते, म्हणजे फोन तुटला नव्हता. माणूसच गेलं, असं मी धरलं. धाकटी बहीण कुंभार पिंपळगावात छातीच्या दुखण्यानं खाटेवर. दुपारी घरातले सगळे शेतात, तिच्याजवळ कोणी नाही. म्हणून मी बदनापुरातून रोज त्याच वेळेला फोन लावायची. तिचा आवाज इतका बारीक झालेला की नुसत्या फोनवर मला कळायचा नाही. मुलानं त्यासाठीच बिनवायरचे इअरबड आणून दिले होते. माझा डावा कान कधीचाच गेलेला. त्यामुळे डावा बड डबीत पडून असायचा, मी उजवा तेवढा लावायची.

सून पीठ मळत होती. तशाच हातांनी बाहेर आली.

"काय झालं आई?"

"गेली."

"कोण?"

"बहीण माझी. बोलता बोलता गेली."

तिनं फोन कानाला लावला. तिलाही काही ऐकू येईना. तिचा चेहरा पडला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आई, बड तुमच्या कानात हाय. मंग फोनमधून आवाज कसा येईल?"

डबीतला डावा बड काढून तिनं स्वतःच्या कानात घातला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"बराबर हायेत मावशी. आक्का कुठं मेली म्हणून शिव्या देऊन राह्यल्यात."

जीव भांड्यात पडला. पण लगेच दुसरं ध्यानात आलं. सुनेला ऐकू येतं, मला येत नाही. म्हणजे माझा उरलेला कान गेला. ती तिथं जिवंत, मी इथं जिवंत, आणि बोलणं संपलं.

सुनेनं माझ्या कानातला बड ओढून काढला आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय चोपडलंय?"

"तेल."

"कानात तेल घालून वरून बड घातला?"

"थंडी पडली की घालतोच की आपण."

"घाला ना. बडला कशाला पाजता?"

सकाळीच मी लसणाची पाकळी तेलात कडवून कानात सोडली होती. आमच्या घरची ही लहानपणापासूनची रीत. आई चुलीवर पळी धरायची. लसूण तांबूस झाला की तेल कोमट होऊ द्यायची आणि एकेकाला मांडीवर डोकं ठेवून निजवायची. बहीण कणगीमागं लपायची, मी तिला पाय धरून ओढून आणायची. तेल आत गेलं की आईचं बोलणं विहिरीच्या तळातून आल्यासारखं वाटायचं. वरून कापसाचा बोळा. मग काही ऐकू येत नाही म्हणून भिऊन बहीण सांजच्यापर्यंत मला चिकटून बसायची. आईच्या लुगड्याला लसणाचा आणि धुराचा वास असायचा. आता मी एकटीच आडवी होते आणि अंदाजानं थेंब सोडते.

सुनेनं डावा बड माझ्या उजव्या कानात दाबला. तो वाकडा बसला, पण बहिणीचा आवाज आला.

"मी मेले समजलीस का?"

"मंग काय समजू? दम लागला म्हणालीस आन् गप झालीस."

"मी कशाला गप बसते? बोलूनच राह्यले होते. तूच बहिरी."

"तेल घातलं होतं कानात."

तिनं दम खाल्ला.

"लसणाचं?"

"मंग कशाचं?"

"मला इथं कोणी घालीत न्हाई गं."

"मला तरी कोण घालतं?" मी म्हणाले.

यावर ती हसली, हसता हसता खोकली, आणि मी खोकला थांबेपर्यंत फोन धरून बसले.

तोवर सून उजव्या बडची जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशनं साफ करत होती. पाणी लावायचं नाही, म्हणाली. जाळीत तेल आणि मळ बसला की आवाज कोंडतो. तिनं कापसानं बड पुसला आणि डबीबाहेरच वाळत ठेवला. तेलाच्या दिवशी बड लावायचा नाही, असा दमही दिला. दुसऱ्या दिवशी मी कान आणि बड दोन्ही पुसून फोन लावला. आवाज स्वच्छ आला.

आईच्या मांडीवर निजणारी आम्ही पाच भावंडं होतो. त्यातल्या आता आम्ही दोघी आहोत.