पुसदच्या स्टुडिओतला तिसरा हात

तुमच्या गावात एखाद्या बाईला चेटकीण ठरवायला किती पुरावा लागतो? एक मेलेलं वासरू पुरतं, की शेजारच्या लेकराचा तापही लागतो? आमच्या भागात एका बाईसाठी एक बिघडलेला फोटो पुरला.

आधीच सांगतो — भूत, भानामती, करणी, अंगात येणं, यातलं मी काहीही मानत नाही. हे लिहायला बसलो तेव्हा मानत नव्हतो आणि लिहून झाल्यावरही मानणार नाही. माझे बाबा सभांमधून पत्रकं आणायचे. त्यांच्यावर बोट फिरवत मी अक्षरं शिकलो. छप्पन साली आम्ही धम्मदीक्षा घेतली आणि घरातला देव्हारा उतरला, तेव्हा त्या रिकाम्या कोनाड्यात बाबांनी पत्रकांचा गठ्ठा ठेवला. पुढं मीही भगतांच्या विरोधात पत्रकं लिहिली, बाजारात वाटली, शिव्या खाल्ल्या. अशा घरातला माणूस हे सांगतो आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

गोष्ट साठ सालानंतरच्या एका उन्हाळ्यातली. पुसदला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ होता... स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली, मागे पडदा, पडद्यापुढं खुर्ची आणि कोपऱ्यात एक छोटी अंधारी खोली. त्या लांबट खोलीला एकच दार. खुर्चीवर बसलं की डाव्या हाताला सलग भिंत — ना खिडकी, ना झरोका. ही भिंत ध्यानात ठेवा.

माझ्या तिपाईचे पाय वाळवीनं खाल्ले होते, आणि नवी घ्यायची तर नागपूर. शेजारी हमीदचाचांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. ते म्हणाले, "तिपाई कायले लागते? मी तुले हात बनवून देतो." जुन्या हँडलचे पाइप, सीटखालचे पट्टे आणि नटबोल्ट घेऊन त्यांनी खरंच दोन लोखंडी हात बनवले. एक भिंतीत घट्ट बसवलेला आखूड हात कॅमेऱ्यासाठी. दुसरा लांब — आढ्याला अडकवलेला, खांद्यात आणि कोपरात वाकणारा, टोकाला मोठा बल्ब आणि पत्र्याची वाटी. दोन पाइपांच्या मध्ये चामड्याची चकती होती. त्या चामड्याच्या घासणीवर हात हवा तिथं थांबायचा. वर, खाली, आडवा — सोडला की जागचा हलायचा नाही.

एका दुपारी किसन आला. महागावच्या रस्त्यावरच्या एका गावचा शेतकरी. गावाचं नाव देत नाही, कारण त्याची बायको आजही तिथं नांदते. त्यानं पिशवीतून जत्रेत काढलेला घरच्यांचा फोटो काढला.

"भाऊ, पाहा बरं. सारे आले. हे वच्छी. हिचं तोंड काहून नाई आलं?"

सगळे जण स्पष्ट होते. वच्छलाचं लुगडं, हात, कडेवरचं लेकरू, सगळं होतं. चेहऱ्याच्या जागी मात्र पांढरा फरकाटा.

"हलली असेल," मी म्हणालो.

"हाललीच होती. पोट्ट्यानं केस ओढले म्हून. पण माय आयकत नाई ना! भगतानं सांगतलं का हिचं रूप हिच्यापाशी नाई, रातच्यानं दुसऱ्याच्या घरात फिरते. भावाचं पोरगं तापलं, ते हिच्याचमुळं म्हनते. आता म्हनते हिले घराभायेर काढा, लेकरू इथं ठेवा."

"लेकरू किती मोठं?"

"अंगावर पिऊन राह्यलं अजून."

"आणि तू काय म्हणतोस?"

तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "मायपुढं मले बोलता येत नाई, भाऊ."

मला येत होतं. दुसऱ्या दिवशी सायकल हाणत त्यांच्या गावी गेलो आणि पाटलांच्या ओट्यासमोर उभा राहून म्हणालो, "वच्छलाबाईला माझ्याकडं आणा. भगतालाही आणा. तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढं फोटो काढतो. येतो की नाही ते पाहू!"

पाटील तसे वाईट नव्हते. झंझट मिटली की त्यांना बरं. ते म्हणाले, "एकच फोटू. आला तर सून घरात, नाई आला तर घराभायेर. मंजूर?"

भगत विडी ओढत हसला. "काढू द्या ना बाप्पा. हवेचा फोटू कोन काढते तेच पाहू."

मी म्हणालो — मंजूर.

ठरलेल्या दिवशी भर दुपारी बैलगाडी गल्लीत आली. किसन, वच्छला, कडेवर लेकरू, सासू, पाटील, भगत. मागोमाग अर्धी गल्ली दारात. वच्छला घामानं निथळत होती. मी तांब्याभर पाणी पुढं केलं. तिनं हात लांब केला, तर सासू कडाडली, "इथलं पानी नाई प्याचं!" कारण मला माहीत होतं, तुम्हालाही कळलं असेल. वच्छलानं हात मागं घेतला. मी तांब्या खिडकी नसलेल्या त्या भिंतीशी ठेवला.

पाटलांनी नव्या खोक्यातली फोटोची काचेची प्लेट स्वतः निवडली. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली तिच्या कोपऱ्यावर खिळ्यानं रेघ मारली. मी बदलू नये म्हणून. बरोबरच केलं त्यांनी. मी ती कॅमेऱ्यात भरली. दारातल्या गर्दीनं उजेड कमी-जास्त व्हायला नको म्हणून हमीदचाचांनी दार लोटून घेतलं. आता खोलीत उजेड एकच — लांब हाताच्या टोकाचा बल्ब. तो वच्छलाच्या उजव्या बाजूला, डोक्याच्या थोडा वर ओढून ठेवला.

"हलायचं नाही, ताई. मी भिंगावरची टोपी काढून परत लावीपर्यंत श्वाससुद्धा हळू."

"नाई हालत," ती म्हणाली. लेकरू तिनं किसनच्या हातात दिलं आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. त्या बाईच्या जबड्याकडं पाहून मला वाटलं, छत कोसळलं तरी ही हलणार नाही.

मी भिंगावरची टोपी काढली. एक...

आणि लांब हात कोपरात सैल झाला. डोळ्यांदेखत खाली लोंबला. बल्ब आधी पडद्याकडं वळला, मग जमिनीकडं, आणि खुर्चीच्या पायावर आपटून फट्‌दिशी फुटला. खोलीत अंधार. मी हात लांबवून टोपी लावली तेव्हा उजेडाचा ठिपकाही उरला नव्हता.

दार उघडलं. पहिला आवाज भगताचा. "पाह्यलं? दिवाबी टिकला नाई हिच्यापुढं!"

हमीदचाचा कपाळावर हात मारून खाली बसले होते. "अल्ला! सकाळी मी तेल दिलं बेटा, कोपरात. पाटलांपुढं कुरकुर नको म्हून. सायकल असो का सासू, तेल दिल्याशिवाय मले राहवत नाई..." तेल चामड्यात मुरलं होतं. चामडं बुळबुळीत झालं होतं. हात पडण्यामागं एवढंच होतं, त्यात काही गूढ नाही.

"पाटील, दुसरी प्लेट घ्या," मी म्हणालो.

सासू म्हणाली, "एकच ठरला होता. पंचाइतीत बोललेलं फिरते का?"

पाटलांनी मान हलवली. "एकच."

वच्छला खुर्चीवर तशीच बसली होती. अजूनही हलली नव्हती. लेकराकडं पाहत होती फक्त.

प्लेट कोरी असणार हे मला माहीत होतं. हे काम मी रोज करत होतो. त्या बल्बच्या उजेडात चेहरा उमटायला किती वेळ लागतो ते मला पाठ होतं, आणि त्यातला चिमूटभरही मिळाला नव्हता. तरी मी किसनला साक्षीला घेऊन अंधाऱ्या खोलीत गेलो. दार बंद केलं, प्लेट औषधात सोडली. लाल दिव्यात आम्ही दोघं त्या थाळीवर वाकलो. मनात मी बाहेर जाऊन काय बोलायचं ते जुळवत होतो. मार बसला तरी बोलायचं, हे ठरलेलं होतं.

"भाऊ!" किसननं माझा दंड धरला. "काळं झालं! तोंड काळं झालं तिचं!"

"काय म्हणतोस?" मी पाहिलं. आणि माझ्या हातातला चिमटा थाळीत पडला. "अरे बयताडा, काचेवर काळं म्हणजे उजेड! जिथं काळं तिथं कागदावर उजळ येतं!"

चेहरा होता. कपाळ, भुवया, ओठ, गळ्यातली पोत... आणि एकही रेषा हललेली नाही. कोपऱ्यात पाटलांची खिळ्याची रेघ.

किसन भिंतीला टेकून रडायला लागला. मलाही आनंद झाला होता, नाही म्हणत नाही. पण मग काच उजेडात धरून नीट पाहिली. वच्छलाच्या नाकात डावीकडं फुली होती. फोटोत ती फुली ज्या बाजूला होती, तोच गाल उजळलेला होता. बल्ब तर उजवीकडं होता! काच उलटी धरली तरी हे बदलत नाही. फुली आणि उजेड एकाच बाजूला राहतात. त्या बाजूला काय होतं? भिंत. भिंतीशी पाण्याचा तांब्या.

ओल्या काचेवरून कागद छापून पाटलांच्या हातात दिला. त्यांनी फोटो पाहिला, वच्छलाकडं पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "मिटलं. सून घरात." सासूनं तोंड फिरवलं. भगत विडी पेटवण्याच्या निमित्तानं बाहेर गेला तो परत आला नाही.

वच्छलानं लेकरू छातीशी घेतलं, भिंतीपाशी गेली, तांब्या उचलला आणि सासूच्या देखत घटाघटा पाणी प्यायली. तांब्या ठेवून मला म्हणाली, "भाऊ, तुमचा तो दुसरा दिवा लय तापते. ह्या गालाले चटका बसून राह्यला होता. पन मी हालली नाई."

तिनं डाव्या गालाला हात लावून दाखवला.

"कोणता दुसरा दिवा, ताई?"

"हा काय, इकडला." आणि तिनं भिंतीकडं बोट केलं.

नंतर मी काय काय केलं नाही! चाचांनी नवं चामडं घातलं. त्याच खोक्यातल्या प्लेटा, तसाच बल्ब, तशीच टोपी, खुर्चीवर चाचा. दिवा मुद्दाम खाली सोडून पाहिला. प्रत्येक वेळी चेहऱ्याच्या जागी अंधुक डाग, आणि तोही उजव्या अंगाला. पडद्यावरून उजेड परतला असेल म्हणून पडदा बदलून पाहिला. दाराच्या फटीही तपासल्या. दार डाव्या बाजूला नाहीच. मग फोटोतल्या वच्छलाच्या डोळ्यांवर भिंग धरलं. दोन्ही बुबुळांत डावीकडं उजेडाचा एकेक ठिपका, आणि ठिपक्यापासून निघालेली एक बारीक वाकडी रेघ... माणसाचं कोपर वाकतं तशी. ही रेघ मला दिसते. काचेतला दोषही असू शकतो. चाचांना दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

"बेटा, हात मी दोनच बनवले. तिसरा मी बनवला नाई."

गावात बातमी कशी पसरली देव जाणे — म्हणजे, कोण जाणे. काही दिवसांत दारात नारळ फुटले. लोखंडी हाताला कोणी शेंदूर फासला. चाचा ओरडले, "अरे हटा! हँडल आहे ते, भंगारातलं! कोन्या पीराचं नाई!" मी रॉकेल आणि चिंधी घेऊन शेंदूर पुसून काढला. दोनदा पुसला, तिसऱ्यांदाही पुसेन.

माझे सोबती म्हणाले, "हे लिहू नकोस. भगतांच्या हाती कोलीत देशील." मी खूप विचार केला. पण गैरसोयीचं तेवढं लपवायचं असेल तर माझ्यात आणि भगतात फरक काय? घडलं ते लिहिलं. कारण मला आजही सापडलेलं नाही. सापडलेलं नाही म्हणजे कारण नाही, असं मात्र मी म्हणू देणार नाही.

वच्छला पुढं एकदा बाजाराच्या दिवशी स्टुडिओत आली. लेकरू चालायला लागलं होतं. निघताना उंबऱ्यात थांबली.

"भाऊ, एक इचारू? नसता आला फोटू, तर मी करनीवाली झाली असती का?"

"नाही, ताई."

"मंग एकच फोटूले तुमी मंजूर काहून म्हनलं?"

भिंतीतून उजेड कुठून आला, या प्रश्नापेक्षा तिचा हा प्रश्न मला जास्त छळतो.

म्हणून वाचकहो, दोन कामं सांगतो. तुम्हाला लोखंड, काच, उजेड यातलं कळत असेल तर पुसदला या. दोन्ही हात आणि ती काच जपून ठेवली आहे. येताना पाना आणा, नारळ आणू नका. आणि त्याच्याआधी हे करा — तुमच्या गावात एखाद्या बाईला कोणी असली परीक्षा द्यायला लावत असेल, तर फोटोवाल्याला बोलवायला धावू नका. तिच्या घराच्या दारात जाऊन उभे राहा आणि सांगा, परीक्षाच मंजूर नाही.