घोडीची पाठ आणि बहिणीची कंबर

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अमळनेर स्टेशनबाहेरच्या टांग्यांच्या अड्ड्यावर मी एक पत्रक वाटलं. मजकूर माझाच, सायक्लोस्टाइल केलेला. पाठीला जखम असलेल्या घोड्याला जुंपणं हा गुन्हा आहे, काटेरी लगाम हा गुन्हा आहे, आणि गरिबी ही क्रौर्याची सबब होऊ शकत नाही. वडिलांनी मला मुळाक्षरंसुद्धा चळवळीच्या पत्रकांवरूनच शिकवली होती. अन्याय दिसला की कागद काढायचा, एवढंच मला ठाऊक. टांगेवाल्यांनी त्या कागदांत भुईमुगाच्या शेंगा घेऊन खाल्ल्या.

काही महिन्यांनी त्याच अड्ड्यावर मला गरजू होऊन जावं लागलं. माझ्या आठ वर्षांच्या बहिणीचे पाय जन्मापासून ताठर होते. भिंतीला टेकवून बसवलं तरी ती डावीकडे कलंडायची. आमच्या गल्लीतल्या गुरांच्या डॉक्टरांच्या वाचनात आलं होतं की परदेशात अशा मुलांना चालत्या घोड्यावर बसवतात. घोडा चालतो तेव्हा वर बसलेल्याची कंबर आपण चालताना हलते तशीच हलते. "पण जनावर शांत हवं," ते म्हणाले, "आणि त्याला त्रास होता कामा नये."

अड्ड्यावरची सगळ्यात शांत घोडी आबांची. आबा म्हणजे तिथले सगळ्यात जुने टांगेवाले. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"कागदवाली अक्का तूच ना? आते मन्ही घोडी चांगली वाटनी का तुले?"

मी खाली मान घालून बहिणीचं सांगितलं. ते घोडीची मान खाजवत म्हणाले,

"पोरले लई ये. घोडीले पटनं तं मालेबी पटनं."

दुसऱ्याच दिवशी मी बहिणीला घेऊन गेले. मग रोज सकाळी बोरी नदीच्या कोरड्या पात्रात आम्ही जायचो. डॉक्टरांनी लगाम काढायला लावून तोंडाभोवती नुसती दोरीची मोरखी ठेवली. टांग्याच्या घोडीला खोगीर कुठलं असणार? आईने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली, चौपदरी, आणि उसवू नये म्हणून काठाला तिहेरी शिवण घातली. आबा पुढे दोरी धरून, मी बाजूला बहिणीची कंबर धरून. डॉक्टरांची ताकीद एकच होती: घोडीने कान मागे पाडले म्हणजे तिला दुखतंय, पोरीला लगेच उतरवायचं.

पंधरा-वीस दिवसांत बहीण ताठ बसायला लागली. घरी पाटावर, भिंतीशिवाय. आई स्वयंपाक सोडून तिच्याकडे बघत बसे.

त्याच आठवड्यात गोधडी टाकताना घोडीने कान मागे पाडले. "माशा असतील," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी आबांनी गोधडी उचलली. मानेच्या मागे, जिथे ती तिहेरी शिवण बसायची, तिथले केस गेले होते आणि कातडं लाल, ओलं झालं होतं.

"अक्का, तुना कागदमा काय लिखेल शे?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मला कान दिसले होते. बहीण ताठ बसत होती, म्हणून मला ते बघायचे नव्हते. हीच सबब मी टांगेवाल्यांना नाकारली होती.

डॉक्टरांनी जखम धुतली, मलम लावलं आणि सांगितलं, नवे केस येईपर्यंत त्या पाठीवर काही ठेवायचं नाही, लहान पोरही नाही. टांग्याचा साजही तिथेच बसायचा, म्हणून आबांचा टांगाही उभा राहिला. आमच्या चुकीने. आई ती शिवण उसवत बसली आणि मध्येच थांबून म्हणाली, "मजबूत व्हावी म्हणून घातली होती गं."

आता घोडीवर बसणं बंद, असं बहिणीला मी सांगितलं तेव्हा तिने माझ्या हाताला चावा घेतला. आठवड्याभरात ती पुन्हा कलंडायला लागली. मी निर्णय बदलला नाही, पण मला तिच्यासमोर जेवायलाही बसवेना.

"वर बसवू नको," एक दिवस ती म्हणाली. "नुसतं घोडीकडे ने."

मी तिला कडेवर घेऊन आबांच्या अंगणात गेले. आबांनी तिच्या हातात घोडी घासायचा खरारा दिला. "हाई बाजू घास, माय. जखमपासून लांब." मी तिला घोडीच्या खांद्याशी उभं करून कमरेला घट्ट धरलं. एका हाताने तिने खाली लोंबणारी आयाळ पकडली, दुसऱ्याने खरारा. घोडीच्या खांद्यापर्यंत हात पोचेना, म्हणून ती वर ताणली. घोडीचे कान सैल, बाजूला पडलेले.

"अक्का, इतकं आवळू नको ना. हातच हलत नाही माझा."

मी पकड सैल केली. तिचे गुडघे थरथरत होते. घोडी एकही पाय न हलवता उभी होती, आणि बहीणही.