एका पंगतीत दोन तेलं

किस्से लघवीच्या कॅनसारखे साठतात. थोडंथोडं पडत राहतं आणि संध्याकाळी उचलायला गेलं की खांद्याला ओढ बसते. मी मवाळ माणूस. माधवनगरच्या गिरणीत रंगखात्यात हयात गेली, पण तिथं कधी चिडलो नाही तेवढा या तीन महिन्यांत चिडलो.

सांगलीच्या एका कॉलेजातल्या मॅडमचा अभ्यास चालला होता. ऑलिव्ह तेलातला कडूपणा अंगात किती जातो, ते बघायचं. आम्ही आठ म्हाताऱ्यांनी सकाळी उपाशीपोटी तेल प्यायचं आणि दिवसरात्रीची लघवी कॅनमध्ये धरायची. कॅन सांगलीला पोचवायचं काम माझ्याकडं.

मॅडमनी मला नीट समजावलं. "तात्या, कडूपणा आतड्यातून रक्तात जातो. लिव्हर त्याला दुसरं काही चिकटवून रूप पालटतं, मग तो लघवीत उतरतो. उरलेला मोठ्या आतड्यातले जंतू फोडतात."

"आमच्या रंगखात्यावानीच की. सूत त्येच, पर भाईर येताना वळकू येत न्हाई."

"तेच ओळखायला माझी दोन वर्षं गेलीत. कॅनमध्ये खोट झाली तर सगळं पाण्यात."

हे मी सगळ्यांना सांगितलं. कुणी ऐकलं असेल तर शपथ.

*

पहिला हवालदार. फौजेतून आलेला, घड्याळावर चालणारा गडी. त्याच्या कॅनमध्ये कडूपणाचा मागमूस नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं, कडू लागतं म्हणून तेल गुडघ्याला चोळत होता.

"आरं, प्यायला दिलंय त्ये."

"आतच गेलं न्हवं? दार निराळं, येवढंच."

*

दुसरा धोंडिबा. माणदेश सोडून लेकीकडं राहायला आलेला, शेरडं घेऊन. त्याच्या कॅनच्या तपासणीचा कागद बघून मॅडम गोंधळल्या. "तात्या, हे आजोबा खातात तरी काय?"

मी जाऊन धोंडिबाला धरला.

"रानात गेलो, कॅन घरीच ऱ्हायला," धोंडिबा म्हणाला. "सांजच्याला रिकामा कसा द्यायचा? येक शेळी धरली."

"माणसाची पायजे रं!"

"तात्या, तिनंबी तेल चाटलं व्हतं की."

*

मग मॅडमच्या वरचे साहेब आले. गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. "या लोकांना सायन्स कशाला सांगत बसता? तेल पाजा, कॅन घ्या. अजून एकदा नमुने बिघडले, तर काम बंद."

मॅडमनी मान खाली घातली. माझ्या दोन्ही हातांत भरलेले कॅन होते. एक गाडीच्या काचेतून आत हिंदकळवावा असं फार वाटलं. नाही हिंदकळवला. कॅन मॅडमचे होते.

*

पुढच्या महिन्यात दोन तऱ्हेच्या बाटल्या आल्या. चार लाल झाकणाच्या, चार निळ्या. लाल कडू, घशात ठसका लावणारं. निळं साधं, कडूपणा काढलेलं. दोन्हींतला फरक तपासायचा होता.

हवालदारानं काय करावं? वाटायला त्याच्याकडं दिलेल्या आठही बाटल्या कळशीत ओतल्या आणि तेल पळीनं आठांत सारखं वाटून दिलं.

आठ कॅन सारखेच निघाले. मॅडमनी कागद खाली ठेवला आणि नुसता चष्मा पुसत बसल्या.

मी हवालदाराच्या दारात जाऊन ओरडलो, "त्या पोरीची दोन वर्सं कळशीत वतलीस!"

हवालदार हळू आवाजात म्हणाला, "एका पंगतीत दोन तेलं वाढायची व्हय, तात्या?"

*

मॅडमनी साहेबांच्या हातापाया पडून आणखी एक खेप मागून घेतली. त्या खेपेचे कॅन बिनखोट निघाले, चारांत कडूपणा, चारांत नाही, आणि मॅडमचं काम वाचलं, हे आधीच सांगून टाकतो. किस्सा पहिल्या सकाळचा आहे.

साहेब स्वतः समाजमंदिरात खुर्ची टाकून बसले. आम्ही आठजण रांगेनं, ज्याची त्याची बाटली हातात. "माझ्यासमोर प्या," साहेब म्हणाले.

हवालदार प्याला, ठसकला. धोंडिबा प्याला, ठसकला. तिसरा ठसकला, चौथा, पाचवा, सहावा, सातवा.

साहेबांनी मॅडमकडं बघितलं. "यातल्या चौघांचं तेल साधं आहे ना?"

मॅडम तोंडाला ओढणी लावून खिडकीबाहेर बघत होत्या.

शेवटचा मी. झाकण काढलं. निळं होतं. एका घोटात बाटली रिकामी केली आणि साहेबांकडं तोंड करून लय जोरात ठसकलो.