जांभळ्या ज्योतीपुढचं गाऱ्हाणं

चिऱ्याच्या कोपऱ्यावर नडगी आपटली आणि रक्तातल्या साखरेच्या कृपेने ती जखम महिनोन्‌महिने माझ्याकडे पाहुणी म्हणून राहिली. शेवटी रत्नागिरीतल्या डॉक्टरीणबाईंनी नवं यंत्र काढलं. जाड पेनासारखी नळी, टोकाला जांभळी ज्योत.

"थंड प्लाझ्मा," त्या म्हणाल्या. "जंतू मरतात, जखम भरायला मदत होते. भाजणार नाही."

ज्योत, आणि भाजणार नाही! मी डोळे घट्ट मिटले. पायाला नुसती झुळूक लागली, कानाशी भुंग्याची गुणगुण, आणि वीज कडाडून गेल्यावर येतो तसा वास.

शिमग्यात पालखीपुढे आमच्या वाडीचं गाऱ्हाणं मी घालतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळी वाडी 'व्हय महाराजा' म्हणून होकार भरते. ज्योतीसमोर गप्प बसवेल? पडल्या पडल्या हात जोडले.

"बा देवा महाराजा! ह्या लेकराची नडगी भरून येऊ दे रे महाराजा!"

ड्रेसिंग करणारी सिस्टर आमच्याच बाजूची. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "व्हय महाराजा!"

पडद्यापलीकडे, मासळीच्या काट्याने हात चिघळलेला एक म्हातारा खलाशी बसला होता. तो ओरडला, "मी आमीन म्हणतो, चालेल काय रे?"

"चालेल चाचा, पण जोरात!"

मग दर आठवड्याच्या खेपेला तेच. घरी बायको गेल्यापासून माझ्या बोलण्याला उत्तर देतो तो फक्त कुकर. मुलगा मुंबईला. आठवडाभर मी नवं गाऱ्हाणं रचायचो; डॉक्टरीणबाईंच्या गाडीला, चाचाच्या सुनेला, कुणाला म्हणून सोडलं नाही.

आणि एक दिवस सिस्टर म्हणाली, "काका, कातडी छान धरली. आता यायचं काम नाही."

"कडेला जरा लाल नाही दिसत?"

"नाही."

"चष्मा लावून बघ की."

"काका! देव पावला तर त्याच्याशी भांडताय?"

पलीकडून चाचा म्हणाला, "बरा झालास, तर आवाज का बसला रे तुझा?"

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, हात जोडले. पाय दिलास, उपकार झाले, असं खणखणीत सुरू केलं. "बा देवा महाराजा! ह्या घरात कुणीतरी येत-जात राहू दे रे महाराजा!"

सवयीने होकारासाठी थांबलो. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःच होकार भरायचा नसतो, ही आमच्याकडची रीत. ज्योत हलत होती.

मग जाऊन कुकर लावला.