आफ्रिकेतला र

सरळच सांगते, माझी धाकटी जाऊ मला बघवत नाही. दिसायला चांगली, वागायला त्याहून चांगली, हेच तर दुखणं! भांडायला निमित्त म्हणून देत नाही मेली.

आमचं दुकान चषकांचं. पुढे काउंटर, मागे खिडकीजवळ मामंजींची, म्हणजे सासऱ्यांची खुर्ची. तिथे बसून त्यांनी किती जणांची नावं पितळेवर कोरली असतील, देव जाणे. लग्न होऊन आले तेव्हापासून माझा डोळा त्या खुर्चीवर. पण मामंजी म्हणाले, "तू बोलकी, तू काउंटर सांभाळ." झालं! मी गिऱ्हाइकांशी घसा कोरडा करत बसले आणि मागून आलेल्या धाकटीच्या हातात कोरणी गेली. वर लाडाचं नाव, सोनबोटी! माझी बोटं काय लोखंडाची?

आता मामंजींचे डोळे साथ देत नाहीत. त्यात क्रिकेट क्लबचं काम आलं. जागतिक कसोटी अजिंक्यपद जिंकणाऱ्यांना गदा देतात ना, तिची लाकडी नक्कल, आणि तिच्या पितळी पट्टीवर आतापर्यंतचे विजेते. "हे सोनबोटी करेल," मामंजी म्हणाले. "मग मी घरी बसायला मोकळा." म्हणजे खुर्ची कुणाची, ते उघडच झालं.

गंमत बघा, बाईसाहेबांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. मामंजींबरोबर पाच-पाच दिवस सामने पाहिले ते मी! "ताई, नावं सांगा ना," म्हणत आली. सांगितली. पहिल्यांदा न्यूझीलंड, पावसामुळे सामना राखीव दिवसापर्यंत लांबला होता. मग ऑस्ट्रेलिया. मग दक्षिण आफ्रिका, त्यांचा कर्णधार लंगडत खेळला होता.

"आणि हरलं कोण?" तिने विचारलं.

"पहिल्या दोन्ही वेळा भारत. पण हरलेल्याचं नाव कोरत नाहीत," मी म्हटलं. दारापर्यंत जाऊन परत येणं काय असतं, ते मला विचारा.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. प्रत्येक कामात एक रेघ बाकी ठेवायची आणि ती गिऱ्हाइकासमोर कोरायची. ज्याची शेवटची रेघ, त्याचं काम. येईल त्याला मीच हे कौतुकाने सांगते.

क्लबचे सेक्रेटरी गदा न्यायला आले. सोनबोटीने ती काउंटरवर ठेवली. अक्षरं अशी, की दृष्ट लागावी. माझीच लागली असती! मी चूक शोधत शोधत शेवटच्या नावावर आले आणि अंगात वारंच शिरलं.

"अगंबाई! दक्षिण आफिका? र कुठे गेला गं?" सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडले. सेक्रेटरी चष्मा लावून वाकले. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

सोनबोटीने शांतपणे कोरणी माझ्यापुढे धरली. "ताई, फच्या खालची तिरकी रेघ तुमच्यासाठी ठेवलीय. नावं तुम्हीच सांगितलीत, मला कुठे काय ठाऊक होतं?"

दुकानाची रीत! इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगत आले आणि स्वतःच विसरले. सेक्रेटरी कौतुकाने बघत होते. माझे मात्र कान तापले. अगं बये, खुर्ची घेतलीस ती घेतलीस, निदान चांगुलपणात तरी मला पुढे जाऊ द्यायचं होतंस!

मी रेघ मारली. मामंजी मागच्या खुर्चीतून उठून आले आणि त्यांनी पट्टीवरून हळूहळू बोट फिरवलं. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, आणि मग शेवटच्या नावाशी थांबले.

"ही जरा खोल गेली गं," ते म्हणाले.

खोल जाणारच, मामंजी. तुमच्या खुर्चीसाठी इतकी वर्षं धरून ठेवलेला जोर त्या एका रेघेत गेला.